कलशाचे मुख आणि पाहणाऱ्याची जागा

राणकपूरच्या चौमुख जिनालयाविषयी एक कथा परंपरेने सांगितली जाते. श्रेष्ठी धरणाशाह यांना स्वप्नात नलिनीगुल्म विमानाचे दर्शन घडले आणि त्याच रूपाचे मंदिर आदिनाथ भगवंतांसाठी उभारावे, असे त्यांच्या मनाने घेतले. गावोगावचे शिल्पी बोलावण्यात आले. प्रत्येकाने आपापला आराखडा दाखविला. पण स्वप्नात पाहिलेले रूप त्यांपैकी एकातही धरणाशाहांना सापडेना. अखेर मुंडारा गावच्या देपा या शिल्पीने आपले रेखाटन पुढे ठेवले आणि ते पाहताच श्रेष्ठींनी काम त्याच्या हाती सोपविले. वि. सं. १४९६, म्हणजे इ. स. १४३९ च्या तेथील शिलालेखात धरणाशाह आणि सूत्रधार देपाक या दोघांचीही नावे आहेत.

या कथेत देपाच्या प्रतिभेचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. धरणाशाहांची एक पात्रता मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते शिल्पी नव्हते, तरीही सपाट पृष्ठावरच्या रेषांतून न बांधलेले मंदिर त्यांना दिसू शकले. आधीचे आराखडे का नाकारायचे आणि हा का स्वीकारायचा, याचा निर्णय त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी करता आला. धन त्यांच्यापाशी होतेच. पण चित्र वाचण्याची ही दृष्टी नसती, तर ते धन एखाद्या सामान्य इमारतीवरही खर्ची पडले असते.

आजच्या व्यापारी कुटुंबात चित्रकलेकडे पाहण्याची रीत वेगळी आहे. मूल लहान असते तोवर त्याच्या रंगीत कागदांचे कौतुक होते. सातवी-आठवीत शाळेच्या आग्रहाने ते शासकीय रेखाकला परीक्षेला बसते. एलिमेंटरीचे प्रमाणपत्र आणि जमल्यास इंटरमिजिएटचेही फाइलमध्ये लावले जाते, दहावीला त्याचे काही वाढीव गुण मिळतात आणि चित्रकलेची वही कायमची मिटते. ज्या मुलाला ते जमत नाही, त्याच्याविषयी घरात एकच वाक्य उच्चारले जाते : ‘त्याचा हात वळत नाही.’ बारा वर्षांच्या मुलाविषयी दिलेला हा निकाल ते मूल पुढे साठ वर्षे खरा मानून चालते. पाढे न आल्यास मात्र ‘त्याला गणित जमत नाही’ असे म्हणून कोणी त्याला मोकळे सोडत नाही. पाढे पुन्हा म्हणून घेतले जातात.

रेखांकनाचीही अशीच बाराखडी आहे. सरळ रेषा, लंबगोल आणि यथार्थदर्शन हे तिचे तीन मुख्य धडे. थोर चित्रकार होण्यासाठी प्रतिभा लागत असेल. पण हे तीन धडे निव्वळ अभ्यासाने येतात आणि ते कोणत्याही वयात येतात.

मसी, वाणिज्य आणि शिल्प

जैन परंपरेने चित्रविद्येला जीवनव्यवहारापासून कधी वेगळे काढले नाही. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी प्रजेला उपजीविकेची सहा साधने शिकविल्याचे वर्णन आहे : असी, मसी, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. वाणिज्य आणि शिल्प तेथे शेजारी शेजारी उभे आहेत. त्याच पुराणात ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक शिकविल्याचा प्रसंग सर्वांना परिचित आहे. पुत्रांपैकी अनंतविजय यास भगवंतांनी चित्रकला शिकविली, हा उल्लेख मात्र फारसा सांगितला जात नाही. लिपी, अंक आणि चित्र या तिन्ही विद्या एकाच पित्याने एकाच घरात दिल्या, असा त्याचा अर्थ.

जिनसेन ज्या राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचे गुरू मानले जातात, त्याच्याच काळात, इसवी सनाच्या नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. क्षेत्रगणिताच्या प्रकरणात त्यांनी समवृत्ताबरोबर ‘आयतवृत्त’ या आकृतीचाही विचार केला आहे. आयतवृत्त म्हणजे लांबट वर्तुळ, आजच्या भाषेत लंबवर्तुळ किंवा लंबगोल. त्याचा परिघ काढण्याचा जो नियम त्यांनी दिला, तो सत्याच्या बराच जवळ जातो. लांबी ३६ आणि रुंदी १२ असलेल्या लंबगोलाचा परिघ त्या नियमाने सुमारे ७७.८ येतो, आजच्या गणिताने तो ८०.२ च्या आसपास आहे. क्षेत्रफळाचा त्यांचा नियम इतका जवळ जात नाही. तरीही अकराशे वर्षांपूर्वी एका जैन गणितज्ञाने ज्या आकृतीची दखल घेतली, तीच आज चित्रकलेच्या वर्गात मुलांना सर्वांत अधिक चकविते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

रेषा

पहिला धडा सरळ रेषेचा. कागदावर दोन टिंबे मांडावीत आणि पट्टी न घेता ती एका रेषेने जोडावीत. ऐकायला सोपे असलेले हे काम प्रत्यक्षात अवघड जाते, कारण बहुतेकांचा हात मनगटातून फिरतो. लेखनासाठी मनगट योग्य आहे, पण ते एका बिंदूभोवती फिरत असल्याने लांब रेषा आपोआप वाकते. लांब रेषेसाठी हात खांद्यापासून हलवावा लागतो. मनगट व बोटे जवळजवळ स्थिर राहतात. प्रारंभी हे विचित्र वाटते आणि रेषा पूर्वीपेक्षाही वाईट येतात. आठवडाभर नेटाने केल्यावर खांद्याला ती सवय होऊ लागते.

दुसरी चूक भीतीची असते. रेषा चुकेल या धास्तीने हात थबकत थबकत पुढे सरकतो आणि एका रेषेऐवजी केसाळ तुकड्यांची माळ तयार होते. यावरचा उपाय असा, की पेन्सिल कागदाला न टेकविता दोन टिंबांमधून हात चार-पाच वेळा नुसता फिरवून घ्यावा, मार्ग अंगवळणी पडला की एकाच दमात रेषा ओढावी आणि ती जशी येईल तशी राहू द्यावी. डोळा आरंभाच्या टिंबावर न ठेवता जेथे पोहोचायचे आहे त्या टिंबावर ठेवावा. मग त्याच रेषेवरून पुन्हा सात-आठ वेळा हात फिरवावा. रेषा एका टोकाला एकत्र आणि दुसऱ्या टोकाला झाडूसारख्या फाकलेल्या दिसतील. हा फाकलेपणा दिवसागणिक कमी होत जातो आणि शिकणाऱ्याला आपली प्रगती स्वतःच मोजता येते.

खोडरबर या अभ्यासात वर्ज्य असावा. जुन्या पेढ्यांवर रोजमेळात खाडाखोड करीत नसत. चुकलेली रक्कम दुसऱ्या नोंदीने दुरुस्त केली जाई आणि चूकही वाचता येईल अशी राही. रेषेच्या वहीलाही हाच शिस्तीचा नियम लावावा. महिन्यानंतर पहिले पान उलगडून पाहिले, म्हणजे त्या चुकाच प्रगतीचा पुरावा ठरतात.

जैन घरांतील स्त्रियांना हा अभ्यास पूर्णपणे नवा नाही. मंदिरात पाटावर अक्षतांचा स्वस्तिक रेखणारी, वर ज्ञान-दर्शन-चारित्राचे तीन पुंज आणि त्यावर सिद्धशिलेची चंद्रकोर मांडणारी बोटे रोजच रेषा, समान अंतर आणि तोल यांचा सराव करीत असतात. गहुलीत नंद्यावर्त काढणाऱ्या गृहिणीला त्याची काटकोनी वळणे मोजपट्टीवाचून साधतात. अशा हातांना ‘चित्रकला येत नाही’ असे वाटावे, हा केवळ पेन्सिलीच्या अपरिचयाचा परिणाम आहे.

लंबगोल

घरातील कोणत्याही मुलाला समोरचा तांब्या काढायला सांगावे. बहुतेक मुले त्याचे तोंड जवळजवळ पूर्ण गोल काढतात आणि बूड सरळ आडव्या रेषेने संपवितात. तोंड गोल आहे हे मुलाला ठाऊक असते, म्हणून ते गोल काढते. तांब्या जमिनीवर स्थिर बसतो हेही ठाऊक असते, म्हणून बूड सपाट काढते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तरीही चित्र खोटे होते, कारण डोळ्याला जे दिसत होते ते मुलाने पाहिलेच नाही. त्याने माहिती लिहून काढली. मोठ्यांचेही तसेच होते.

वर्तुळ तिरपे पाहिले की लंबगोल दिसते. किती रुंद किंवा किती चपटे दिसावे, हे डोळ्याच्या उंचीवर ठरते. भांड्यांच्या दुकानातील मांडणी हा याचा सर्वोत्तम पाठ आहे. खालच्या फळीवरच्या डब्यांकडे वरून पाहिले, तर झाकणांचे लंबगोल चांगले भरदार दिसतात. जसजशी नजर वरच्या फळ्यांकडे जाते, तसतसे ते चपटे होत जातात. डोळ्याच्या अगदी समोरच्या उंचीवर झाकणाची कड एक सरळ रेषा होते. त्याहून वरच्या फळीवर झाकणाचा वरचा भाग दिसेनासा होतो आणि डब्याच्या खालच्या कडेची कमान वर चढलेली दिसू लागते. सर्व डबे एकाच मापाचे असूनही फळीगणिक त्यांचा आकार वेगळा भासतो. दुकानात आयुष्य घालविलेल्या माणसालाही हे एकदा मुद्दाम पाहिल्यावाचून कळत नाही.

याच नियमातून तांब्याच्या बुडाचे कोडे सुटते. वस्तू डोळ्याखाली असेल, तर बूड डोळ्यापासून तोंडापेक्षा अधिक खाली असते. म्हणून बुडाची कमान तोंडाच्या कमानीपेक्षा अधिक गोलाकार यायला हवी. सपाट रेषा तेथे कधीच येणार नाही.

लंबगोलाच्या सरावात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. त्याची दोन टोके टोकदार होऊ देऊ नयेत. ती लहानशी का होईना, पण गोलच वळतात. त्याचे चारही चतुर्थांश सारखे हवेत. मधोमध आडवी-उभी घडी घातली, तर ते एकमेकांवर बसले पाहिजेत. आणि भांडे आडवे पडलेले असेल, तर त्याच्या मधून जाणारी काल्पनिक आस लंबगोलाच्या लांब व्यासाला काटकोनात छेदते, हे विसरू नये. हा शेवटचा नियम न पाळल्यामुळे आडवा डबा चित्रात मुरगळल्यासारखा दिसतो आणि काढणाऱ्याला दोष कोठे आहे ते सापडत नाही.

सरावासाठी कागदावर वेगवेगळ्या रुंदीच्या चौकटी आखाव्यात आणि प्रत्येकीत चारही बाजूंना स्पर्श करील असा लंबगोल, हात न थांबविता दोन वेळा फिरवून काढावा. पहिले शंभर वाकडे येतील. त्यांनी खचून जाऊ नये. जर्मनीचा महान चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने १५२५ साली मोजमापशास्त्रावर ग्रंथ प्रसिद्ध केला. शंकूला तिरका छेद दिल्यावर येणारी आकृती त्यात त्याने एका टोकाला फुगीर, अंड्यासारखी दाखविली. प्रत्यक्षात ती दोन्ही टोकांना सारखी असते. ज्याच्या हाताची अचूकता युरोपभर वाखाणली गेली, त्याचीही या आकृतीने फसगत केली.

यथार्थदर्शन आणि व्यापाऱ्यांची मुले

तिसरा धडा यथार्थदर्शनाचा. दूरची वस्तू लहान दिसते, समांतर रेषा दूर जाताना एकमेकींच्या जवळ येतात आणि अखेर एका बिंदूत मिळाल्याचा भास होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. या अनुभवाला निश्चित नियमांत बांधण्याचे काम पंधराव्या शतकात इटलीतील फ्लॉरेन्स नगरात झाले. शिल्पी ब्रुनेलेस्कीने शतकाच्या आरंभी त्याचे प्रयोग केले आणि १४३५ साली अल्बर्टीने चित्रकलेवरच्या आपल्या ग्रंथात त्याची रीत मांडली.

फ्लॉरेन्स हे सावकारांचे आणि कापड व्यापाऱ्यांचे शहर होते. तेथील व्यापाऱ्यांची मुले लिहा-वाचायला शिकल्यावर हिशेबाच्या शाळेत जात. त्रैराशिक, भागीदारीतील नफ्याची वाटणी, चलनांची अदलाबदल यांच्याबरोबर पिंपात किती माल मावेल हे डोळ्याने व गणिताने ठरविण्याचे शिक्षण त्यांना मिळे. ज्या अंकांनी ती मुले हिशेब करीत, ते मूळचे भारतीय होते. पिसा येथील फिबोनाची याने १२०२ साली आपल्या ग्रंथातून त्यांचा इटलीत पुरस्कार केला होता. पुढे पिएरो देल्ला फ्रान्चेस्का या एकाच चित्रकाराने दोन ग्रंथ लिहिले : एक व्यापारी हिशेबाच्या गणितावर आणि दुसरा चित्रातील यथार्थदर्शनावर. ज्या प्रमाणबुद्धीने भागीदाराचा वाटा निघतो, तीच बुद्धी दूरच्या खांबाची उंची ठरविते. त्या काळचा व्यापारी चित्रापुढे उभा राही, तेव्हा मोजमाप जाणणाऱ्या डोळ्याने ते पाही.

नियमांचा गाभा थोडक्यात सांगता येतो. पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर एक आडवी रेषा कल्पावी, ती क्षितिजरेषा. पाहणाऱ्यापासून दूर जाणाऱ्या, जमिनीशी समांतर असलेल्या सर्व रेषा या क्षितिजरेषेवरच्या बिंदूंकडे धावतात. त्यांना लोपबिंदू म्हणतात. खोलीची भिंत थेट समोर असेल, तर दोन्ही बाजूंच्या रेषा एकाच लोपबिंदूकडे जातात. खोक्याचा कोपरा समोर असेल, तर त्याच्या दोन बाजू दोन वेगवेगळ्या लोपबिंदूंकडे वळतात. क्षितिजरेषेच्या वर असलेल्या रेषा खाली उतरत जातात, खालच्या रेषा वर चढत जातात. मालाचे पुठ्ठ्याचे खोके टेबलावर ठेवून, उचलून डोळ्यासमोर धरून आणि डोक्यावरच्या फळीवर ठेवून असे तिन्ही प्रकारे काढले, तर एका रविवारी हा नियम पक्का बसतो.

प्रमाण ताडण्याची जुनी रीतही तितकीच उपयोगी आहे. हात पूर्ण ताठ करून पेन्सिल उभी धरावी, एक डोळा मिटावा आणि समोरच्या वस्तूची उंची अंगठ्याने पेन्सिलीवर मोजावी. मग त्याच मापात रुंदी किती बसते ते पाहावे. हात मात्र प्रत्येक वेळी तितकाच ताठ हवा, नाहीतर वजनमापेच बदलल्यासारखे होईल.

खोका येऊ लागला की लंबगोलाचा आधीचा धडा त्यात मिसळतो. यथार्थदर्शनात काढलेल्या चौरसात लंबगोल बसविला, तर चौरसाचे कर्ण जेथे छेदतात तो वर्तुळाचा खरा मध्य असतो. पण तो लंबगोलाच्या मध्याशी जुळत नाही, किंचित मागे सरकलेला असतो. हा बारकावा कळला, म्हणजे गाडीचे चाक, पंख्याची पाती, झाकणाची मधली मूठ या वस्तू चित्रात जागच्या जागी बसू लागतात.

न आलेल्या रेषेची किंमत

व्यापारी घराला याचा उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. सराफाच्या दुकानात बांगडीचा घाट ठरतो, कापडाच्या पेढीवर काठाची वेल निवडली जाते, भांड्यांच्या व्यवसायात नव्या डब्याची ठेवण सांगितली जाते, नवे दुकान सजविताना फर्निचरचा आराखडा समोर येतो. या प्रत्येक वेळी मालक शब्दांनी बोलतो आणि कारागीर रेषांनी विचार करतो. ‘जरा गोलसर ठेवा’, ‘गळा थोडा आत घ्या’ अशा सूचनांवर माल तयार होतो आणि हाती आल्यावर दोघांनाही कळते की मनातले रूप वेगळे होते. त्यानंतरची घासाघीस, परत केलेला माल, दुखावलेला कारागीर यांची नोंद कोणत्याही खातेवहीत ‘रेखांकन न आल्यामुळे’ अशा शीर्षकाखाली होत नाही. मालकाने कागदाच्या कपट्यावर एक आस आणि तीन लंबगोल काढून दाखविले असते, तर बोलणे दोन मिनिटांत संपले असते.

याहून मोठी हानी नात्याची आहे. ज्याला रेषा कळत नाही, त्याला कारागिराचे श्रमही कळत नाहीत. त्याच्या लेखी मजुरी हा केवळ कमी करण्याचा आकडा उरतो. ज्याने स्वतः शंभर वाकडे लंबगोल काढले आहेत, तो ठोक्याच्या भांड्याची निर्दोष कड पाहून थबकतो आणि भाव करताना त्याची जीभ थोडी अडखळते. धरणाशाह आणि देपाक यांची नावे एकाच शिळेवर कोरली गेली, यामागे अशीच काही ओळख असावी.

एका जागेवरचे सत्य

या अभ्यासात एक तात्त्विक बाजूही आहे आणि जैन वाचकाला ती विशेष जवळची वाटेल. यथार्थदर्शनाचे संपूर्ण शास्त्र एका अटीवर उभे आहे : पाहणाऱ्याने एक जागा धरावी आणि हलू नये. गादीवर बसलेल्या मालकाची क्षितिजरेषा आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाची क्षितिजरेषा एक नसते. दोघांनी मधला कलश काढला, तर मालकाच्या कागदावर मुख चपटे येईल आणि गिऱ्हाइकाच्या कागदावर भरदार. दोन्ही चित्रे अचूक असतील. कलशाचे मुख मुळात पूर्ण गोल आहे, हे त्या दोहोंपैकी एकाही चित्रात दिसणार नाही.

वस्तूच्या अनंत धर्मांपैकी एका धर्माला अपेक्षून होणाऱ्या ज्ञानाला नय म्हणतात. नय सत्यच असतो, जोवर तो इतर नयांना नाकारीत नाही. वस्तुचित्र हे नयाचे जणू मूर्त उदाहरण आहे. ते अचूक काढायचे, तर आपली जागा प्रामाणिकपणे धरावी लागते. आणि ते काढून झाल्यावर शेजारी बसलेल्याचे वेगळे चित्र चुकीचे न ठरविण्याचे शहाणपणही त्यातूनच येते. एकाच कलशाभोवती घरातील चौघांनी बसून चार चित्रे काढावीत आणि शेवटी ती जमिनीवर शेजारी शेजारी मांडावीत. अनेकांताचा अर्थ सांगणाऱ्या दीर्घ व्याख्यानापेक्षा मुलांना हा अर्धा तास अधिक काळ स्मरेल.

कल्पसूत्राच्या हस्तलिखितांतील चित्रे पाहून, त्या चित्रकारांना यथार्थदर्शन ठाऊक नव्हते म्हणून ती कमी प्रतीची, असा शेरा कधी कधी मारला जातो. या चित्रांतील समवसरण पाहावे. तिन्ही तट वरून पाहिल्यासारखे वर्तुळाकार आहेत, चार दिशांची द्वारे चारही बाजूंना उघडलेली आहेत आणि मध्यभागी जिनेश्वर समोरून पाहिल्यासारखे विराजमान आहेत. एकाच चित्रात अनेक स्थानांवरची दृष्टी एकवटली आहे. ज्या सभेत भगवंतांचे मुख चारही दिशांना दिसते, तिचे चित्र एका कोपऱ्यात उभे राहून काढणे त्या चित्रकाराला अपुरे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. एका जागेवरून पाहण्याचा अभ्यास केलेल्यालाच या बहुदृष्टी रचनेची किंमत खऱ्या अर्थाने कळते.

अष्टमंगलांचा अभ्यासक्रम

घरच्या घरी आरंभ करावयाचा, तर वेगळे नमुने शोधण्याची गरज नाही. श्वेतांबर परंपरेतील अष्टमंगलांतच सारा अभ्यासक्रम सामावलेला आहे. स्वस्तिक आणि नंद्यावर्त हे सरळ रेषेचे पाठ. श्रीवत्स आणि मत्स्ययुगुल हे वळणदार रेषेचे आणि दोन बाजूंच्या समतोलाचे. वर्धमानक, कलश आणि दर्पण हे वर्तुळाचे व लंबगोलाचे. भद्रासन हे चौकोनी आसन असल्याने यथार्थदर्शनाचा संपूर्ण धडा त्यात आहे. दिगंबर परंपरेच्या मंगलद्रव्यांतील झारी, कलश, दर्पण आणि छत्र हीदेखील लंबगोलाची उत्तम उदाहरणे आहेत. छत्राकडे तर खालून पाहावे लागते, म्हणून ते वरच्या फळीवरच्या डब्याचा नियम पुन्हा शिकविते.

साहित्याचा विचारही जैन घरात महत्त्वाचा ठरतो. रंगकामाच्या काही कुंचल्यांत प्राण्यांचे केस असतात, जलरंगाच्या काही कागदांवर जिलेटिनचा थर असतो, कारमाइन हा लाल रंग कीटकांपासून आणि काही काळे रंग हाडांच्या कोळशापासून मिळतात. काही शाईंमध्ये लाख असते. रेखांकनाच्या प्राथमिक अभ्यासाला यांतील काहीच लागत नाही. पेन्सिलीतील शिसे म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती. कागदही नवा घेण्याचे कारण नाही. जुन्या बिलांच्या व हिशेबाच्या कोऱ्या पाठी सरावाला पुरेशा आहेत. अपरिग्रहाचा आणि बचतीचा हेतू एकदमच साधतो. पुढे रंगांकडे वळावेसे वाटले, तर कृत्रिम केसांचे कुंचले आणि वनस्पतिज थराचे कागद मागून घेता येतात.

वेळेचा नियम लहान असावा, म्हणजे तो टिकतो. रोज वीस मिनिटे, म्हणजे सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांच्या निम्म्याहूनही कमी. पहिली पाच मिनिटे रेषा, पुढची पाच लंबगोल आणि उरलेली दहा समोर ठेवलेल्या एखाद्या वस्तूसाठी. चातुर्मासात घरोघरी छोटे-मोठे नियम घेतले जातातच. धर्मसाधनेचा वेळ अबाधित ठेवून त्यांत या एका नियमाची भर घातली, तर चार महिन्यांत सुमारे चाळीस तासांचा अभ्यास होतो. इतक्या तासांत कोणी चित्रकार होत नाही. पण समोरचा तांब्या तांब्यासारखा काढता येतो, खोके जमिनीवर बसलेले दिसते आणि कारागिराला आपले म्हणणे कागदावर सांगता येते.

या नियमात घरातील वडीलधाऱ्यांनी स्वतः सामील व्हावे, हे सर्वांत महत्त्वाचे. आजोबांची रेषा थरथरते आणि नातवाची धावते, हे एकाच कागदावर दिसले की मुलाच्या मनातील चुकण्याची भीती निघून जाते. मुलाने तांब्याचे बूड सपाट काढले, तर ‘तुझा हात वळत नाही’ असे म्हणण्याऐवजी त्याच्या शेजारी, त्याच्याच उंचीवर डोळा आणून बसावे आणि विचारावे : ‘येथून ती कड कशी दिसते?’ मूल पुन्हा पाहील. बहुधा त्या वेळी मोठ्यांनाही ती प्रथमच दिसेल.